श्री. व सौ. मोतीराम

माझ्या पाकिटात शून्य रुपयांचं एक तिकीट आहे. येवला ते नाशिक. ते मी फाडलेलं नाही, कारण चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस कागद फाडत नाही, फायलीला लावतो. या प्रकरणातला तो पहिला कागद. दुसरा कागद मोतीरामच्या विजारीच्या खिशात राहिला. तो माझ्याकडे असता तर बरं झालं असतं.

येवल्याला एका साखरपुड्याला गेलो होतो. परतीच्या बसला गर्दी होती, मी दांड्याला लोंबकळत उभा. कंडक्टर आला. "कुठं?" म्हणाला. मी म्हटलं, "नाशिक, द्वारका." त्याने माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, मशीनची बटणं दाबली, तिकीट हातात ठेवलं आणि पुढे निघाला. मी नोट पुढे केली तर म्हणाला, "राहू द्या बाबा. पंच्याहत्तरच्या पुढं फुकट हाय."

"मला एकसष्ट चालू आहे," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो.

"आसंल. आधार कार्डावर तारीख चुकते कधी कधी," तो समजुतीने म्हणाला. एवढ्यावर भागलं नाही. कांद्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली एक बाई उठली, "बसा हो बाबा," म्हणाली. आणि मी बसलो. गुडघे दुखत होते, काय करणार? पण त्या सीटवर बसून नाशिकपर्यंत जो अपमान मी भोगला तो उभा राहून भोगला असता तर निदान ताठ मानेने भोगला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिकीट मोतीरामच्या हातात दिलं. मोतीराम आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहतो. बसचा निवृत्त कंडक्टर, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. रोज सकाळी सातला आम्ही जॉगिंग ट्रॅकवर भेटायचो. जॉगिंग करायचो नाही. बाकावर बसून कटिंग चहा प्यायचो आणि चालणाऱ्यांवर देखरेख ठेवायचो. तीन बायका हातात हात घालून रस्ता अडवत चालल्या की मोतीराम बाकावरूनच खड्या आवाजात ओरडायचा, "पुढे सरका, पुढे सरका, आत लय जागा हाय!" बायका दचकून एका ओळीत यायच्या. तीस वर्षांची ही कमाई, असं तो म्हणायचा.

तिकीट बघून तो हसला नाही, हे मला लागलं. "भाऊसाहेब, गर्दीत कंडक्टर तारीख बघत नाय, तोंड बघतो," म्हणाला. मग चहाचा घोट घेऊन आपलंच दुखणं सांगू लागला. गेल्या आठवड्यात भाजीवालीने त्याच्या बायकोला, छायावहिनींना, विचारलं होतं, "ताई, वडील आलेत का गावाहून?"

म्हणजे एकाची अब्रू बसमध्ये गेली होती आणि दुसऱ्याची भाजीबाजारात. अशी दोन माणसं एका बाकावर बसली की त्यातून चांगलं काही निघत नाही.

मोबाईलवर जाहिरात आली ती त्याच आठवड्यात. 'सुई नाही, टाका नाही, ऑपरेशन नाही. अल्ट्रासाऊंड किरणांनी चेहऱ्याची सैल त्वचा घट्ट.' गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत कुठेतरी हा स्टुडिओ होता. नाव घेत नाही, आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात.

इथे माझी पहिली चूक झाली आणि ती शुद्ध मराठी चूक आहे. आपल्या डोक्यात अल्ट्रासाऊंड म्हणजे सोनोग्राफी. थंडगार जेली लावतात, पोटावरून काहीतरी फिरवतात आणि पडद्यावर डोकं दिसतंय असं सांगतात. माझ्या मुलीची नऊ महिन्यांत चार वेळा झाली होती. तिच्याच बाळंतपणासाठी ललिता, म्हणजे माझी बायको, पुण्याला गेली होती. जे पोटातल्या बाळाला सोसतं ते माझ्या गालाला सोसणार नाही का, असा सवाल मी केला. मोतीराम म्हणाला, "सोनोग्राफी? मग काय, हात पुसण्याएवढं सोपं काम हाय." दोन अडाणी माणसांनी एकमेकांना धीर दिला की त्याला आपण अनुभव म्हणतो.

अट एकच. छायावहिनींना आणि ललिताला कळता कामा नये. साठीच्या पुढच्या पुरुषाने गाल आवळून घेतले हे बाहेर फुटलं तर सोसायटीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

स्टुडिओत मोहिनी मॅडम होत्या. पांढरा ॲप्रन, गळ्यात ओळखपत्र. "आपण डॉक्टर का?" मी विचारलं. "मी सर्टिफाइड आहे सर," त्या म्हणाल्या. कशात, ते विचारायचं मला सुचलं नाही. हाच माणूस एके काळी ठेकेदाराच्या बिलावर तीन वेळा शेरे मारून परत पाठवायचा.

मोतीराम भिंती न्याहाळत होता. "इथं ती पाटी नाय?" त्याने विचारलं.

"कुठली पाटी?"

"मुलगा का मुलगी ते सांगत नाय म्हणून."

मोहिनी मॅडमनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि कपल पॅकेज घ्या, म्हणाल्या. एकाच्या भावात दोघांचं होतं. मी खुलासा केला की आम्ही कपल नाही, शेजारी आहोत. "चालतंय सर," त्या म्हणाल्या. पण पावती निघाली ती 'श्री. व सौ. मोतीराम' अशी. मी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि हरकत घेतली.

"दुसरं काही येत नाही सर. मिस्टर-मिसेसच येतं. सिस्टीम घेत नाही."

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. निवृत्तीआधीची सात-आठ वर्षं हेच वाक्य मी खिडकीच्या आतल्या बाजूने लोकांना ऐकवलं होतं. मोतीरामने पावतीची घडी करून खिशात टाकली. त्याला तिकिटं सांभाळायची सवय, मला कागद. त्या दिवशी नेमकं त्याने सांभाळलं.

फॉर्म चार पानी आणि इंग्रजीत होता. आयुष्यात न वाचता केलेली माझी पहिली सही त्यावर आहे. कपाळावर गुलाबी पट्टा बांधून, केस मागे ओढून खुर्चीत आडवं केलेल्या माणसाला चष्मा मागायची लाज वाटते. मोतीरामने ब्लडप्रेशरसकट सगळ्या रकान्यांत 'नाही'वर टिक केली. त्याला प्रेशर होतं, सकाळी गोळी घ्यायचा. "हो म्हटलं तर परत पाठवतील, भाऊसाहेब."

जेली थंड होती. सोनोग्राफीशी साम्य तिथेच संपलं. पुढे जबड्याच्या हाडावरून कुणीतरी तापलेली दाभण टोचत चालल्यासारखं झालं. मोहिनी मॅडम म्हणत होत्या, "थोडंसं वॉर्म वाटेल." डावा जबडा चालू असताना त्यांचा फोन आला. तो त्यांनी खांद्यात धरला आणि घरी कुकर लावण्याच्या सूचना देत देत त्या एकाच जागी मशीन दाबत राहिल्या. मी हात वर केला. त्यांनी तो हलकेच खाली ठेवला.

मोतीराम मात्र लाल तोंडाने पण धडधाकट बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा माझ्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून बनियनवर आला. आरशात हसून पाहिलं. खालचा ओठ उजवीकडे हसला, डावीकडे जागचा हलला नाही. तोंड चक्क वाकडं. हनुवटीच्या कडेला बधीर, आणि हाडाला हात लावला की कळ. मी दार लावून घेतलं. ललिताचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मोबाईल छताकडे धरला. पुढचे कित्येक आठवडे ती पंख्याशी बोलली.

पण दुधाची पिशवी घ्यायला दार उघडावंच लागतं. वरच्या मजल्यावरच्या वत्सलाबाई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातली पिशवी खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला. "अगंबाई! किशोरराव, झटका आला!"

खरं सांगायला मला एक क्षण मिळाला होता. गाल आवळायला गेलो होतो, एवढे चार शब्द. त्याऐवजी मी मान खाली घालून म्हणालो, "सौम्य आहे. ललिताला कळवू नका."

झटक्याला मान असतो, हे मला तेव्हा कळलं. तासाभरात शहाळी आली, सफरचंदं आली. सेक्रेटरी येऊन लिफ्टजवळची पार्किंगची जागा देऊ म्हणाले, मला गाडी नसताना. वत्सलाबाईंनी लसणाचं तेल आणलं आणि रोज सकाळी दारात उभ्या राहून माझ्याकडून 'प, फ, ब, भ, म' म्हणवून घेऊ लागल्या. "हॉस्पिटलात जायचं नाही. तिथे नळ्या घालून माणूस कामातून जातो. घरच्या घरी उठवते तुम्हाला," असं त्यांनी जाहीर केलं.

रात्री फॉर्मची प्रत चष्मा लावून वाचली. अकराव्या कलमात, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'नसांचा तात्पुरता अशक्तपणा' असं लिहिलेलं होतं. खाली माझी सही. मग मी रीतसर अर्ज केला. विषय : खालचा ओठ डावीकडे न हलणेबाबत. संदर्भ : आपलेकडील दि. २८ रोजीचे कपल पॅकेज. मोहिनी मॅडमनी मोबाईलवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि लिहिलं, 'नॉर्मल आहे सर. सहा आठवड्यांत जाईल. पाणी भरपूर प्या.' सहा आठवडे मी पाठ करून ठेवले.

नोव्हेंबर लागला, म्हणजे पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा आला. मोबाईलपुढे चेहरा धरला तर तो म्हणाला, चेहरा जुळत नाही. तीन वेळा म्हणाला. पेन्शनच्या कचेरीत गेलो. खिडकीतला क्लार्क माझ्याच जातकुळीचा होता. "चेहरा का बदलला त्याचं कारण लेखी द्या," म्हणाला. मी कागद घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'अर्धांगवायूचा सौम्य झटका आल्याने'. खाली सही, दिनांक. जिन्यात बोललेली थाप आता सरकारी नोंदवहीत, आवकजावकला चढली.

हे सगळं मोतीराम बाकावर बसून ऐकायचा आणि पोट धरून हसायचा. "भाऊसाहेब, आपलं तोंड बघा, एकदम सरळ. नशीब लागतं."

पंचविसाव्या दिवशी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, मोतीरामच्या हातातून चहाचा कप पडला. मी घड्याळ पाहिलं होतं, कारण पेपरवाला उशीर करत होता. मोतीरामने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंडाची उजवी बाजू खाली उतरली होती. तो काही बोलायला गेला, पण शब्द जड, चिकट निघाले.

आणि मला काय वाटलं ते सांगतो, कारण ते सांगण्यासाठीच एवढं लिहिलं. मला बरं वाटलं. इतके दिवस मी एकटा वाकडा होतो.

"आलं का तुझंही?" मी म्हणालो. "घाबरू नकोस. मशीनचं आहे. नॉर्मल आहे. सहा आठवड्यांत जातं."

त्याने डाव्या हाताने माझी बाही धरली. काहीतरी म्हणत होता. मला 'दवा' ऐकू आलं, ते 'दवाखाना' असणार. पण दवाखान्यात गेलो की डॉक्टर विचारणार, कधीपासून, कशाने, बरोबर कोण होतं. आणि माझा झटका तर आवकजावकला चढलेला. मी म्हणालो, "पाणी भरपूर पी." माणसाचा जीव जात होता आणि मी त्याला पाणी पी म्हणालो. कोपराला धरून त्याला घरी नेलं. पाय ओढत होता, तर मी म्हटलं, थंडी आहे.

छायावहिनींनी दार उघडलं. त्यांनी मोतीरामच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मी माझं वाक्य तयार ठेवलं होतं, पण त्यांनी काही विचारलंच नाही. "आलात?" म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मी त्याला दिवाणावर आडवं केलं, पांघरूण घातलं आणि सुटलो बुवा, असं म्हणत जिना उतरलो.

एक वाजता त्यांचा फोन आला. "भाऊजी, हे उठत नाहीत."

हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टर होता. "किती वाजता सुरू झालं?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "सात वाजून दहा." त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजत होते. "साडेचार तासांत आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. तोंड वाकडं दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं."

"हात? दोन्ही हात वर करायला सांगायचे असतात. एक खाली पडतो."

मला कप आठवला. मी धीर करून हळूच विचारलं, चेहऱ्याला मशीन लावल्याने असं होतं का. तो म्हणाला, छे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, हे प्रेशरचं. संबंध मी जोडला होता. व्हरांड्यात वत्सलाबाई लोकांना सांगत होत्या, "किशोरराव बघा, घरच्या घरी उठले. ह्यांना उगाच इथे आणलं."

माझं तोंड सहाव्या आठवड्यात सरळ झालं. मोहिनी मॅडमचा शब्द खरा ठरला. वत्सलाबाईंनी पेढे वाटले.

मोतीराम वाचला. उजवा हात आणि पाय गेले, वाचाही गेली. म्हणजे सगळी गेली नाही. डॉक्टर म्हणाले, जे हजारो वेळा बोललेलं असतं ते कधीकधी मागे उरतं. मोतीरामजवळ उरलं, 'पुढे सरका'. पाणी हवं असलं तरी पुढे सरका, लघवीला जायचं असलं तरी पुढे सरका. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं, आणि माझा ओठ दोन्ही बाजूंनी छान हसला.

मी रोज संध्याकाळी जायचो. एक गोष्ट मला खटकत होती. छायावहिनी त्याचं सगळं वेळेवर करायच्या, पण त्याच्याशी बोलायच्या नाहीत. हनुवटीवर सांडलेली पेज टेबल पुसावं तशी पुसायच्या. तो त्यांच्या पाठीकडे बघत राहायचा.

परवा मी निघालो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. कपाटातून एक कागद काढला. धुऊन निघालेला, इस्त्रीने सरळ केलेला. अक्षरं फिकट झाली होती, पण वाचता येत होती. श्री. व सौ. मोतीराम. कपल पॅकेज.

"विजार धुऊन वाळत घालताना खिशात सापडला. हे आजारी पडायच्या चार दिवस आधी," त्या म्हणाल्या. "मी तर कुठे गेले नव्हते. तुम्ही त्यांचे दोस्त. तुम्हाला माहीत असेल. ती बाई कोण, भाऊजी?"

मी म्हणालो, "सिस्टीमची चूक असेल, वहिनी."

त्यांनी मान हलवली. "त्या दिवशी वाकडं तोंड घेऊन आले तेव्हा मी पाहिलं. सगळं पाहिलं हो. म्हटलं, जा तिच्याकडेच, ती बघेल. दार ओढून मेथी निवडत बसले. एक जुडी मी एक वाजेपर्यंत निवडत होते, भाऊजी." मग दिवाणाकडे न बघता म्हणाल्या, "रोज विचारते ह्यांना, कोण होती म्हणून. पुढे सरका म्हणतात."

मोतीराम माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं समजत होतं, फक्त सांगता येत नव्हतं. सांगता येणारा त्या खोलीत एकच माणूस होता. त्याच्या डोळ्यांसमोर सोसायटी होती, वत्सलाबाईंचे पेढे होते, पुण्याहून येणारी ललिता होती आणि पेन्शनच्या कचेरीतला तो कागद होता.

"वहिनी," मी म्हणालो, "ती बाई मी."

मग बसच्या तिकिटापासून सगळं सांगितलं. सोनोग्राफी, गुलाबी पट्टा, माझा ओठ, सात वाजून दहा मिनिटं, बाही धरलेला हात, भरपूर पी म्हटलेलं पाणी. त्या माझ्या जबड्याकडे बघत होत्या. मी त्यांच्या हसण्याची वाट पाहिली, शिवीची पाहिली, दोन्ही आलं नाही.

त्या उठल्या आणि मोतीरामच्या दिवाणाच्या कडेवर टेकल्या. पदराने त्याची हनुवटी पुसली, हळू. "मला सांगायचं नाही का हो," म्हणाल्या. "गाल लोंबले म्हणून काय झालं?" आणि रडायला लागल्या.

मोतीरामचे ओठ हलले. "पुढे सरका," तो म्हणाला.

वहिनी सरकल्या. अगदी त्याच्या उशीजवळ जाऊन बसल्या आणि त्याचा तो गेलेला हात त्यांनी मांडीवर घेतला. दिवाणावर आता बरीच जागा झाली होती. पण मला कुणी बसा म्हणालं नाही.